एकट्या बजीला सोबती आणावा का?

प्रश्न : आमच्याकडे दीड वर्षाचा निळा बजी आहे, नाव मिठू. मी आणि पत्नी दोघंही नोकरी करतो, मुलगी कॉलेजात. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात घराला कुलूप असतं. मिठू आरशापुढे तासन्‌तास बसतो आणि आम्ही एका खोलीतून दुसरीत गेलो तरी ओरडून घर डोक्यावर घेतो. सासूबाई म्हणतात, एकटा जीव झुरून मरेल, जोडी आणा. पक्षी विकणारा म्हणतो, मादी घ्या, पिंजऱ्यात मडकं टांगा, महिन्याभरात रमतील. शेजारी बजावतात, जोडीदार आला की हा तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाही, चार शब्द शिकलाय तेही विसरेल. कोणाचं ऐकावं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तिघांच्याही सांगण्यात थोडंफार तथ्य आहे, पण कोणा एकाचं जसंच्या तसं ऐकलंत तर त्रास मिठूलाच होईल. म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो. तुमच्या घरी दिवसाचे साडेदहा तास कोणी नसतं, तेव्हा मिठूला सोबती आणावा. मात्र तो बजीच असावा, शक्यतो नर असावा, त्याच्याबरोबर मडकं येऊ नये आणि पहिला महिना-दीड महिना त्याने वेगळ्या खोलीत काढावा. आता यातली एकेक अट कशासाठी, ते पाहू.

बजी मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तिथल्या कोरड्या, गवताळ प्रदेशात बजींचे थवे पाणी आणि गवताचं बी शोधत भटकत असतात. पाऊस चांगला झाला की हे थवे हजारोंचे होतात. जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने 1840 मध्ये जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि पुढे हा पक्षी जगभर घरोघरी पोचला. रानातला बजी हिरवा-पिवळा असतो. मिठूचा निळा रंग पिंजऱ्यातल्या पैदाशीत टिकवलेला आहे. रंग पालटले, पण स्वभाव थव्याचाच राहिला. तीस-चाळीस ग्रॅमच्या पाखराला ससाण्यापासून वाचायचं तर आजूबाजूला अनेक डोळे जागे असावे लागतात. एक जण चरतो तेव्हा दुसरा आकाशाकडे बघत असतो. अशा पक्ष्याला एकटं पडणं म्हणजे कंटाळा येणं नव्हे, त्याच्या लेखी तो जिवावरचा प्रसंग असतो.

मिठूच्या ओरडण्याचा उलगडा इथेच होतो. थव्यातले बजी नजरेआड गेले की एकमेकांना हाक मारतात आणि पलीकडून उत्तर आलं की निवांत होतात. तुम्ही स्वयंपाकघरात जाता तेव्हा मिठू तीच हाक मारतो. उत्तर येत नाही, म्हणून आवाज चढवतो. उद्यापासून एक करून बघा. खोली बदलताना दरवेळी एकच ठरावीक शीळ घाला आणि त्याने हाक मारली की तिथूनच तीच शीळ परत द्या. बऱ्याच घरांत तेवढ्याने ओरडणं कमी होतं. मात्र घराला कुलूप असताना शीळ कोण घालणार, हा प्रश्न उरतोच.

सासूबाईंच्या मनातली काळजी खरी आहे. ‘झुरून मरेल’ हे मात्र सरसकट खरं नाही. एकटा बजी सुखाने जगू शकतो. फक्त घरातली माणसं त्याचा थवा व्हायला हवीत. आजी-आजोबा दिवसभर घरी आहेत, पिंजरा बैठकीच्या खोलीत आहे, येता-जाता कोणी बोलतंय, रोज तास-दोन तास तो बाहेर उडतोय, असं असेल तर त्याला सोबती आणलाच पाहिजे असं नाही. उलट दिवसभर रिकाम्या घरात बसणारा बजी एकाच दांडीवर गप्प राहतो, पिसं उपटू लागतो किंवा एखाद्या वस्तूच्या नादी लागतो. तुमच्याकडे ती वस्तू आरसा आहे.

आरसा लावला की सोबतीची सोय झाली, अशी समजूत फार पसरलेली आहे. मिठू आरशापुढे बसला की जरा जवळून पाहा. तो मान भराभर वर-खाली करतो आणि पोटातले दाणे परत चोचीत आणून काचेला भरवायला बघतो. नर बजी आपल्या जोडीदाराला असंच भरवतो. समोरचा पक्षी घास घेत नाही, मान वळवत नाही, उडून जात नाही आणि आपली हाकही देत नाही. म्हणून हा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. खाल्लेलं अन्न असं सतत बाहेर आलं तर पक्षी अशक्त होतो, शिवाय आरशाजवळ आलेल्या हाताला चावायलाही लागतो. सोबती आणा किंवा आणू नका, आरसा आजच काढा. पहिले काही दिवस तो शोधाशोध करेल. त्या जागी पिंजऱ्यात कोथिंबिरीची जुडी उलटी टांगून द्या. ती कुरतडण्यात त्याचा बराच वेळ जातो.

खरा बजी शेजारी असला की काय घडतं, तेही सांगतो. डोक्यावर आणि मानेवर नवी पिसं येतात तेव्हा ती पांढऱ्या काटेरी नळ्यांसारखी दिसतात. तिथे स्वतःची चोच पोचत नाही. मग सोबती शेजारी सरकतो, पहिला मान खाली घालून डोळे मिटतो आणि दुसरा एकेक नळी चोचीत धरून हलकेच सोलतो. माणसाच्या बोटाला हे जमणं कठीण. एका बजीने जांभई दिली की शेजारच्यालाही येते, हे संशोधकांनी प्रयोगांतून दाखवलं आहे. अनोळखी नर एकत्र ठेवले तर काही आठवड्यांत त्यांच्या हाकाही एकसारख्या होऊ लागतात. इतकं बारकाईने एकमेकांकडे लक्ष असणारा हा पक्षी आहे.

आता शेजाऱ्यांचा मुद्दा. सोबती आल्यावर मिठूचं तुमच्याकडचं लक्ष थोडं कमी होईल, हे मान्य करून चाला. पण मिठू तुमच्या हातावर बसायला शिकलेला असेल तर ती ओळख दोन दिवसांत पुसली जात नाही. नवा पक्षी खोलीच्या त्या टोकाला असतानाच मिठूला रोज पंधरा-वीस मिनिटं वेगळं घेऊन बसलात तर सवय टिकते. इतकंच नाही, नवा घाबरट पक्षी जुन्याला तुमच्या हातावरून खाताना पाहतो आणि स्वतःही धिटावतो. शब्दांचं म्हणाल तर शिकलेलं बहुधा टिकतं, नवं शिकण्याचा वेग मात्र मंदावतो. बजी आवाजाची नक्कल करतो ती ज्याच्या संगतीत असतो त्याची. संगत माणसांची असेल तर शब्द, बजीची असेल तर चिवचिव. अमेरिकेतल्या ‘पक’ नावाच्या नर बजीच्या नावावर 1728 शब्दांचा जागतिक विक्रम आहे, तेव्हा या जातीची ताकद मोठीच. पण मिठूचे चार शब्द ऐकायला मिळावेत म्हणून त्याने रोज साडेदहा तास एकटं बसावं, हा सौदा मला त्याच्या बाजूने बरोबर वाटत नाही.

विक्रेत्याचा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो, कारण जोडी म्हणजे नर-मादी असंच आपण धरून चालतो. बजीला हवी असते ती संगत, आणि दोन नर एकमेकांबरोबर फार छान राहतात. एकमेकांना भरवतात, खेळतात, गातात. मादी आणून मडकं टांगलं की पुढची साखळी अशी : ऑस्ट्रेलियात हा पक्षी ठरलेल्या महिन्यात अंडी घालत नाही, पाऊस पडून बी भरपूर झालं आणि झाडात ढोली मिळाली की घालतो. आपल्या घरात दाणा बारा महिने भरपूर. त्यात मडकं म्हणजे आयती ढोली. मादीच्या शरीराला इशारा मिळतो आणि ती दिवसाआड एक अशी साधारण चार ते सहा अंडी घालते. अठराएक दिवसांत पिल्लं निघू लागतात, सुमारे पाच आठवड्यांत ती मडक्याबाहेर येतात, आणि मडकं तिथेच असलं तर मादी पुन्हा अंड्यांवर बसते. प्रत्येक अंड्याच्या कवचासाठी तिच्या अंगातलं कॅल्शियम जातं. ते कमी पडलं की अंडं आतच अडकतं. पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली, जोर लावणारी मादी दिसली तर ती काही तासांत दगावू शकते. पिल्लं वाचली तरी ती कोणाला देणार, हा पेच उरतो. जवळ ठेवलीत तर भावंडांतच जोड्या लागतात.

मादी आधीच घरात असेल त्यांच्यासाठी दोन वाक्यं. मडकं, डबा, कोनाडा असं काहीही ठेवू नका, रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता द्या, पिंजऱ्यात समुद्रफेस कायम असू द्या. नर नसतानाही मादी अंडी घालते. ती लगेच उचललीत तर भरपाई म्हणून आणखी घालते, त्यामुळे तिला काही दिवस त्यांवर बसू द्यावं. दोन माद्या एकत्र ठेवणं जोखमीचं असतं. ढोलीसारख्या जागेवरून त्यांची भांडणं जिवावर उठतात.

नर कसा ओळखायचा? चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती एक गुळगुळीत मांसल पट्टी असते, तिच्याकडे बघा. वयात आलेल्या नराची पट्टी गडद निळी, तर मादीची तपकिरी किंवा फिकट पांढुरकी आणि अंडी घालण्याच्या काळात खडबडीत. गफलत होते ती पिल्लांत. कोवळ्या नराची पट्टी गुलाबी-जांभळी असते आणि कोवळ्या मादीची फिकट निळी, पण नाकपुडीभोवती पांढरं कडं असलेली. ‘निळी दिसली म्हणजे नर’ म्हणून घरी आणलेल्या कित्येक माद्या पुढे अंडी घालतात. पूर्ण पिवळ्या किंवा पूर्ण पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या बजींत नराची पट्टी मोठेपणीही गुलाबीच राहते, हेही ध्यानात असू द्या. वयाची खूण कपाळावर सापडते. काळ्या बारीक रेघा थेट चोचीपर्यंत आल्या असतील आणि डोळा पूर्ण काळा असेल तर पिल्लू तीन-चार महिन्यांच्या आतलं. मोठेपणी कपाळ स्वच्छ होतं आणि बुबुळाभोवती फिकट कडं येतं. मिठूसाठी असा कोवळा नर पाहा.

‘बजीच हवा’ असं का म्हटलं? आपल्याकडे बजीलाही सर्रास लव्हबर्ड म्हणतात, त्यामुळे नुसतं नाव सांगून मागितलंत तर आफ्रिकेतला खरा लव्हबर्डही हातात पडू शकतो. तो जाडजूड चोचीचा, आखूड शेपटीचा आणि बजीपेक्षा दणकट असतो. चिडला तर बजीचं बोट तोडू शकतो. फिंचच्या बाबतीत उलटी गत : तिथे बजीच त्या इवल्या पक्ष्याच्या पायाला चावतो. वेगळ्या जातीच्या पक्ष्याशी ना हाक जुळते ना भरवणं, मग सोबत कसली?

आणि आपला हिरवा पोपट? गळ्यात कंठ असलेला, मिरची खाणारा, आपल्या झाडांवर दिसणारा. त्याला जोडीदार आणावा का, अशीही विचारणा होते. भारतातले रानपोपट पकडणं, विकणं आणि घरी पाळणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली गुन्हा आहे, मग पोपट कितीही लाडात वाढवलेला असो. त्यामुळे दुसरा आणण्याचा प्रश्नच येत नाही. घरात असा पोपट असेल तर खिडकी उघडून सोडूनही देऊ नका. माणसाळलेल्या पोपटाला अन्न शोधता येत नाही आणि कावळे-मांजरं त्याला टिपतात. महाराष्ट्र वनविभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर कळवा.

नवा पक्षी आणला की त्याच दिवशी मिठूच्या पिंजऱ्यात सोडायचा मोह सगळ्यांनाच होतो, विशेषतः घरात मुलं असली की. तो आवरा. पक्षी आजार लपवतात, कारण थव्यात दुबळा दिसणारा आधी टिपला जातो. दुकानात टुणटुणीत दिसणाऱ्या पक्ष्याच्या चोचीभोवती खरुज्या किड्यांची सुरुवात असू शकते, पोटात बुरशीचा संसर्ग असू शकतो, किंवा ज्याला पॅरट फीव्हर म्हणतात तो आजारही. हा शेवटचा माणसालाही होतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेली की ताप, खोकला, कधी न्यूमोनिया. म्हणून तीस ते पंचेचाळीस दिवस वेगळी खोली आणि वेगळी भांडी. आधी मिठूचं करायचं, मग नव्याचं, आणि नंतर हात साबणाने धुवायचे. विष्ठा कोरडी झाडू नका, ओल्या कागदाने पुसा. सासूबाई वयस्कर असतील तर साफसफाई त्यांच्याकडे देऊ नका. याच काळात नव्याला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे एकदा दाखवून आणा आणि दर दोन-तीन दिवसांनी दोघांचं वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर करा. पिसांमुळे बारीक झालेला पक्षीही गुबगुबीत दिसतो. काटा फसत नाही.

त्यानंतर दोन पिंजरे एकाच खोलीत, आधी लांब, मग शेजारी. आठवडाभर दोघं एकमेकांना बघू देत. मग पहिली भेट पिंजऱ्याबाहेर घडवा, म्हणजे ‘माझं घर’ म्हणून भांडायला कारण उरत नाही. त्याआधी छताचा पंखा बंद करा, खिडक्या लावा, काचांवर पडदे ओढा. एका पक्ष्याच्या वेळी पंख्याकडे लक्ष राहतं. दोन उडू लागले की एकाकडे बघताना दुसरा पात्यांपाशी पोचतो. चार-पाच भेटी शांततेत झाल्या की दोघांनाही एकदमच मोठ्या पिंजऱ्यात हलवा. दांड्या आणि खेळणी नव्याने मांडा, म्हणजे ती जागा दोघांनाही सारखीच नवी वाटेल.

चोचीला चोच लावून ठोसेबाजी, दांडीवरून ढकलणं, थोडी आरडाओरड हे चालायचंच. एक दुसऱ्याच्या पायाची बोटं धरतोय, रक्त दिसतंय, पाठलाग थांबतच नाही किंवा एकाला दाण्यापर्यंत जाऊच दिलं जात नाही, असं दिसलं की लगेच वेगळं करा आणि आठवड्याने पुन्हा शेजारच्या पिंजऱ्यापासून सुरुवात करा. दाण्याची वाटी आणि पाणी प्रत्येकी दोन-दोन, लांब-लांब ठेवा. बजी दाणा सोलून टरफल तिथेच टाकतो, त्यामुळे वाटी भरलेली दिसते आणि आत नुसता भुसा असतो. दोन पक्षी असताना वाटी लवकर संपते, म्हणून रोज फुंकर मारून बघा.

पिंजरा उंच नको, लांब हवा; बजी आडवा उडतो. दोघांसाठी अडीच-तीन फूट लांबी आणि गजांमध्ये अर्ध्या इंचापेक्षा कमी अंतर. गोल पिंजरा टाळा, त्यात कोपरा नसल्याने घाबरलेल्या पक्ष्याला आडोसा मिळत नाही. आवाजाचंही सांगून ठेवतो. सोबती आला की घाबरी हाक कमी होते, पण सकाळ-संध्याकाळची गप्पांची चिवचिव वाढते. शांततेसाठी दुसरा पक्षी आणणार असाल तर आणू नका.

मिठू सध्या आजारी असेल, किंवा तुमच्यापैकी कोणी लवकरच घरून काम करणार असेल, तर थांबायला हरकत नाही. दोघांपैकी एक पुढेमागे आधी जाणार, मग उरलेला पुन्हा एकटा, हेही आजच बोलून ठेवा. बजी साधारण पाच ते दहा वर्षं जगतो. तोवर मुलगी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेरगावी गेलेली असेल आणि पिंजरा तुम्हा दोघांनाच सांभाळायचा आहे.

एवढ्यावर घरात एकमत होत असेल तर जरूर आणा. आणि मोठा पिंजरा आला म्हणून मिठूचा जुना पिंजरा कोणाला देऊन टाकू नका. भांडण झालं किंवा एखादा आजारी पडला, तर तो त्याच दिवशी लागेल.